छोट्या, शांत पीसीसाठी ग्राफिक्स कार्ड: आधी काम बघा, मग कार्ड

दुकानात किंवा घरच्या स्टुडिओत छोटा, आवाज न करणारा पीसी बसवायचाय? मग कार्डात भांडवल अडकवण्याआधी तीन गोष्टी तपासा.

१) काम: फक्त बिलिंग, टॅली, कॅनव्हा असेल तर वेगळं कार्ड नकोच. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. (इंटेलच्या ज्या प्रोसेसरचं नाव 'एफ'ने संपतं, त्यात मात्र ते नसतं.) वाचलेले पैसे मालात घाला.

२) वीज: मदरबोर्डचा स्लॉट कार्डला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. एवढ्यात भागणारं कार्ड तापतं कमी, म्हणून पंखाही हळू फिरतो. व्हिडिओ एडिटिंगला आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल बघा, ते ७० वॅटचं आहे. ८ जीबीचं १०० वॅटच्या वर जातं. नाव सारखंच, त्यामुळे बॉक्स नीट वाचा. जीटी १०३० पंख्याशिवायही मिळतं, पण त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही.

३) माप: कॅबिनेट अरुंद असेल तर 'लो प्रोफाइल' कार्डच घ्या. आखूड पट्टी सोबत आहे ना, विचारा. लांबी-जाडी टेपने मोजा.

शेवटी वहीत लिहा: या कार्डमुळे महिन्याला किती जादा काम येईल? उत्तर पटलं, तरच पैसे काढा.