‘टॉल’ की ‘हाय’? विरुद्धार्थी शब्दाला विचारा

सातवीतल्या एका मुलीनं निबंधात लिहिलं होतं, ‘माय फादर इज हाय.’ बाबा उंच आहेत, एवढंच तिला सांगायचं होतं. इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ होतो, बाबा नशेत आहेत. शब्दकोशात तिला ‘टॉल’ आणि ‘हाय’ दोन्हींपुढे एकच शब्द सापडला होता : उंच.

मी नियम सांगत बसले नाही. विचारलं, “बाबा उंच नसते तर?” “बुटके.” म्हणजे शॉर्ट. “आणि डब्यांची फळी उंचावर नसती तर?” “खाली.” म्हणजे लो. टॉलची जोडी शॉर्टशी, हायची लोशी. बाबांना लो म्हणता येत नाही, मग हाय कसं म्हणणार? तिनं स्वतःच खोडून ‘टॉल’ लिहिलं.

माणूस, झाड, जिराफ हे टॉल. फळी, छत, खिडकी जमिनीपासून किती वर आहे हे सांगायचं, तर हाय. डोंगरालाही सहसा हायच लागतं. १६४६ मीटरचं कळसूबाई इंग्रजीत राज्यातलं ‘हायेस्ट’ शिखर आहे.

शाळेतल्या विरुद्धार्थी शब्दांच्या यादीवर माझा राग आहे तो इथेच. ‘ओल्ड × न्यू’ पाठ केलेल्या मुलाला आजीच्या ‘ओल्ड’च्या उलट ‘यंग’ लागतो हे कुणी सांगत नाही. आपली मराठी इथे जास्त काटेकोर आहे : वाडा जुना, आजी म्हातारी. जोडी नामासकट शिकवली, तर हा घोळच होणार नाही. ‘हार्ड’ तर आपल्या ‘कठीण’सारखाच वागतो. कवच कठीण असेल तर उलट मऊ, गणित कठीण असेल तर उलट सोपं.

उपसर्ग मात्र खरोखर फसवतात. टँकरवरच्या ‘इन्फ्लेमेबल’मधला ‘इन’ नकाराचा नाही. ‘पेटवणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून तो आला आहे. कुणी ‘न पेटणारं’ असं समजलं तर जिवावर बेतेल, म्हणून १९२०च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशननं ‘फ्लेमेबल’चा आग्रह धरला. दोन्हींचा अर्थ एकच, उलट शब्द ‘नॉनफ्लेमेबल’.

‘इनव्हॅल्युएबल’मधला ‘इन’ नकाराचाच आहे, तरी तो ‘व्हॅल्युएबल’च्या विरुद्ध जात नाही. हे मराठी मुलांना चटकन कळतं, कारण ‘अमूल्य’ त्यांच्या ओळखीचा आहे. ज्याचं मोलच करता येत नाही, ते अमूल्य. त्याच्या उलट ‘वर्थलेस’, आपलं कवडीमोल.