रहस्यकादंबरी आणि तिचा परखड वाचक

रहस्यकादंबरीबद्दल वाचकाचे मत बहुतेक वेळा दोन-तीन वाक्यांत संपते. पुस्तक खाली ठेववत नव्हते, रात्री जागून संपवले, पण शेवट गुंडाळला. किंवा खुनी पन्नासाव्या पानावरच कळला. किंवा शेवटपर्यंत कळला नाही, म्हणून लेखक भला माणूस. सामाजिक कादंबरी वाचून झाल्यावर तोच वाचक पात्रांबद्दल बोलतो, भाषेबद्दल बोलतो, आपल्या घरातली उदाहरणे देतो. रहस्यकादंबरीला मात्र तो आधी वेगावर तोलतो, मग शेवटावर. हा उथळपणा आहे असे मराठी समीक्षेने बराच काळ गृहीत धरले आणि या मतांची दखलच घेतली नाही. पण ती मते नीट ऐकली तर त्यांमागे चांगले कडक निकष दिसतात.

मराठीत या वाचकाची घडण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाली. गो. ना. दातारशास्त्री यांच्या 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा' अशा कादंबऱ्यांनी भुयारे, वेषांतरे आणि गुप्त कट यांची गोडी लावली. पुढे बाबूराव अर्नाळकर (1906-1996) आले आणि त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा सहायक छोटू ही नावे दोन-तीन पिढ्यांना घरच्या माणसांसारखी परिचयाची होती. त्यांच्या नंतर गुरुनाथ नाईकांचे 'गोलंदाज' आणि 'कॅप्टन दीप' आले, सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी आणि फौजदारी वकील अमर विश्वास आले. नाईकांची पुस्तकसंख्याही हजाराच्या पुढे सांगितली जाते. एवढे लिहून घेणारा वाचक किती भुकेला असेल, हे वेगळे सांगायला नको.

या वाचकाने आपले मत फारसे कुठे लिहून ठेवले नाही. पुस्तके स्वस्त आणि आटोपशीर होती. ती विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणली जात, वाचनालयातून नेली जात, एसटीच्या प्रवासात हातोहात फिरत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 मध्ये झाला, अनुदान सुरू झाले आणि तालुक्यातल्या बाजारपेठेच्या गावांपर्यंत वाचनालये पोहोचली. अशा वाचनालयातली रहस्यकथेची प्रत हाताळली तर तिच्यावर वाचकांचा अभिप्राय दिसतो: सैल झालेली शिवण, मळलेले कोपरे, देवघेवीच्या चिठ्ठीवर एकाखाली एक पडलेले तारखांचे शिक्के. समासात पेन्सिलीने 'थापा' असे लिहिलेले असते. एखादा दुष्ट वाचक दहाव्या पानावरच एका पात्राच्या नावाखाली रेघ मारून 'हाच तो' असे लिहून मोकळा होतो, आणि पुढच्या सगळ्यांचा रविवार वाया घालवतो. शेवटची चार पाने गळालेली प्रत हे तर ग्रंथपालाचे नेहमीचे दुखणे. समीक्षकाने उल्लेख केला नाही तरी काही बिघडत नव्हते. प्रत फाटली की दुसरी मागवावी लागे, आणि लेखकाच्या दृष्टीने हीच पसंतीची पावती होती.

वाचक 'खिळवून ठेवते' म्हणतो तेव्हा त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक रहस्य, दुसरी उत्कंठा. रहस्यात वाचकाला कमी माहीत असते, उत्कंठेत पात्रापेक्षा जास्त. नुसता धक्का आणि उत्कंठा यांतला फरक आल्फ्रेड हिचकॉक टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणाने समजावून सांगत असे. तेच सोलापूर जिल्ह्यात आणून पाहावे. नातेपुत्याच्या एसटी स्थानकावर एक माणूस अकलूजच्या गाडीची वाट पाहत बसला आहे आणि अचानक त्याला पोलीस धरतात. इथे वाचक क्षणभर दचकतो, इतकेच. पण त्याच्या पायाशी असलेल्या पिशवीत पतसंस्थेतून लुटलेली रक्कम आहे, साध्या वेषातला हवालदार शेजारच्या बाकावर चहा पितो आहे आणि पिशवीचा बंद तुटत आला आहे, हे वाचकाला आधीच सांगितले, तर 'गाडीला वीस मिनिटे उशीर' ही साधी घोषणासुद्धा श्वास रोखून धरायला लावते. चोर कोण हे इथे लपवलेलेच नाही. तरी पान उलटले जाते.

म्हणून 'खुनी आधीच कळला' ही तक्रार प्रत्येक कादंबरीला लागू पडत नाही. जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांच्या 2005 सालच्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' या गाजलेल्या कादंबरीत खून कोणी केला हे सुरुवातीलाच कळते. पुढे तो कसा लपवला, एवढ्यावर वाचक तीनशे पाने थांबतो. या कादंबरीवरूनच 'जाने जान' हा हिंदी चित्रपट 2023 मध्ये आला.

वेग मिळाला तरी वाचक समाधानी होतोच असे नाही, कारण दुसरा निकष सचोटीचा आहे. लेखकाने फसवावे, पण खोटे बोलू नये, अशी त्याची अट असते. 1926 मध्ये अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्या शेवटावरून वाचकांत दोन तट पडले. एकाला तो विश्वासघात वाटला, दुसऱ्याला कमाल. 1929 मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरू-लेखकाने डिटेक्टिव्ह कथेसाठी दहा नियमच घालून दिले: गुन्हेगार कथेत लवकर यावा, अलौकिक शक्ती नको, आधी काही सूचना न देता जुळे भाऊ आणू नयेत, धागेदोरे वाचकापासून दडवू नयेत. नियमांची भाषा अर्धी थट्टेची आहे, पण तक्रारी खऱ्या वाचकांच्या आहेत. मराठी वाचकही हेच आपल्या शब्दांत सांगतो. शेवटच्या प्रकरणात कुठून तरी सावत्र भाऊ उगवला की तो म्हणतो, 'हे ओढूनताणून आहे.'

तरीही अर्नाळकरांच्या वाचकाने हे कोडे सोडवण्याचे काम फारसे मनावर घेतले नव्हते, असे त्या कथा वाचताना जाणवते. झुंजार संकटात सापडतो आणि सुटतो. तो सुटणार हे आधीच माहीत असते. कसा सुटतो, एवढ्यासाठी पुस्तक हातात धरलेले असते. इंग्रजी साहसकथांची छाया त्यांवर उघड दिसते, पण ती कुणाला खटकली नाही. त्या वाचकाला कोडे नको होते, नायक हवा होता. शिरवळकरांच्या पिढीत मागणी बदलली. अमर विश्वासची उलटतपासणी वाचणाऱ्याला युक्तिवाद पटावा लागतो, आणि संवाद चटपटीत नसतील तर तो पुस्तक बाजूला ठेवतो. चाहत्यांनी 'सुशि' म्हणून डोक्यावर घेतलेल्या या लेखकाच्या यशात संवादांचा वाटा कथानकाइतकाच आहे. त्यांची 1982 सालची 'दुनियादारी' ही रहस्यकथा नव्हे. पण तिच्याकडे वळलेले अनेक वाचक दारा बुलंदच्या वाटेने आलेले होते.

नायकावरची निष्ठा कधीकधी लेखकालाच जड जाते. आर्थर कॉनन डॉयलने 1893 मध्ये शेरलॉक होम्सला कड्यावरून दरीत लोटले, तेव्हा 'स्ट्रँड' मासिकाच्या हजारो वाचकांनी वर्गणी बंद केली. डॉयलने दहा वर्षांनी, 1903 मध्ये, त्याला जिवंत परत आणले. वाचकाच्या मताने कथेचा शेवटच फिरवल्याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

तिसरा निकष तपशिलाचा, आणि इथे आजचा वाचक सर्वांत निर्दय आहे. वर्तमानपत्रे, वाहिन्यांवरच्या गुन्हेमालिका आणि मोबाइल यांमुळे तपास कसा चालतो हे त्याला ढोबळ का होईना ठाऊक असते. खेड्यातल्या विहिरीत प्रेत सापडले तर आधी पोलीस पाटलाकडे वर्दी जाते, मग ठाण्यातून माणसे येतात, पंचनामा होतो, प्रेत शवविच्छेदनाला जाते. हे टप्पे गाळून फौजदार थेट आरोपीच्या दारात उभा राहिला की वाचक हसतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि खुनाच्या शिक्षेचे कलम 302 ऐवजी 103 झाले. त्यानंतरच्या काळात घडणाऱ्या कादंबरीत निरीक्षक नव्या गुन्ह्याला '302 लावा' म्हणाला, तर वकिलीशी संबंध असलेला प्रत्येक वाचक तिथेच थबकतो.

स्थळाचेही तसेच. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम नातेपुत्यात असताना एखादा गुन्हा घडतो, अशी कल्पना रहस्यलेखकाला मोहात पाडणारी आहे: अनोळखी माणसांचा लोंढा, बंद केलेले रस्ते, राहुट्या, दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामे झालेले मैदान. साक्षीदार पंढरपूरच्या वाटेला लागलेले. पण पालखी बरडहून नातेपुत्याला येते, तिथून माळशिरस, मग वेळापूर, आणि माळशिरसच्या वाटेवर सदाशिवनगरजवळ पुरंदावड्याला गोल रिंगण होते, हे माळशिरस तालुक्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. लेखकाने वेळापूर आधी आणले, तर त्या भागातला वाचक पुढच्या कुठल्याच पुराव्यावर विश्वास ठेवत नाही. अनोळखी शहरातली चूक खपते, ओळखीच्या गावातली नाही.

गंमत म्हणजे, हाच चिकित्सक वाचक सत्यकथेत मात्र वाटेल ते पचवतो. परभणी जिल्ह्यातल्या मानवत येथे 1972 ते 1974 या काळात स्त्रिया आणि मुलींचे एकामागून एक खून झाले. गुप्तधन आणि संतानप्राप्तीसाठी बळी, असा प्रकार तपासात पुढे आला. तो तपास पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होता, आणि त्यावरची वेबमालिका 2024 मध्ये आली. असे कथानक एखाद्या लेखकाने मनाने रचले असते तर वाचकांनी ते भडक म्हणून नाकारले असते. घडलेल्या घटनेला कारण नसले तरी चालते, रचलेल्या घटनेला ते द्यावेच लागते. पोलिसांच्या फायलींतून कथा काढणाऱ्या श्रीकांत सिनकरांना याचा फायदा मिळाला.

रहस्यकादंबरीवर मत देणे आणखी एका कारणाने अवघड असते. तिच्यातली सर्वांत चांगली किंवा सर्वांत वाईट गोष्ट उघड बोलता येत नाही. म्हणून शेवट आवडलेला वाचक 'वाचाच' एवढेच म्हणतो आणि न आवडलेला 'शेवटी निराशा' एवढेच. लंडनमध्ये 1952 पासून चालू असलेल्या ख्रिस्ती यांच्या 'द माउसट्रॅप' नाटकानंतर प्रेक्षकांना खुनी कोण ते बाहेर सांगू नका, अशी विनंती केली जाते. पण रहस्य फुटल्याने मजा खरोखर जाते का? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी 2011 मध्ये याची चाचणी घेतली. वाचकांना लघुकथा दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. त्यात रहस्यकथाही होत्या. शेवट ठाऊक असलेल्यांनीच कथांना सरासरी किंचित जास्त गुण दिले. प्रयोग लघुकथांवरचा होता. चारशे पानांच्या कादंबरीला तो जसाच्या तसा लावणे घाईचे होईल. पण शेवट माहीत असूनही 'पाठलाग' (1964) हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकाला या निष्कर्षाचे फार आश्चर्य वाटणार नाही. हा चित्रपट जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवर बेतलेला होता, आणि त्यावरून हिंदीत 'मेरा साया' निघाला.

मराठी समीक्षेचे दुर्लक्ष अटळ नव्हते, हे बंगालकडे पाहिले की कळते. शरदिंदु बंद्योपाध्यायांचा गुप्तहेर ब्योमकेश 1932 मध्ये आला, सत्यजित राय यांचा फेलूदा 1965 मध्ये, आणि दोघांनाही बंगाली साहित्याच्या इतिहासात मानाची जागा आहे. मराठीत अर्नाळकरांना वाचकांनी डोक्यावर घेतले आणि अभ्यासक्रमांनी दाराबाहेर ठेवले. त्यामागे 'पोट भरण्यासाठी घाईने लिहिलेले' हा आक्षेप होता. महिन्याला काही पुस्तके लिहिणाऱ्याच्या हातून सगळीच सरस उतरत नाहीत, यात शंका नाही. सरस आणि सुमार वेगळे करण्याचे काम मात्र वाचकांवरच टाकले गेले.

जुनी पुस्तके पुन्हा हाती घेणाऱ्यांचे मत निराळे असते. खुनी कोण हे आठवत असते, त्यामुळे वेगाचा प्रश्न उरत नाही. मग ट्रंक कॉलसाठी ताटकळणारा गुप्तहेर, व्हिक्टोरियातून पाठलाग, गिरगावातल्या चाळीचा जिना, साहेबी वळणाचे पोलीस अधिकारी यांच्याकडे लक्ष जाते. काही पाने आज बालिश वाटतात. काही प्रसंगांत अर्नाळकरांचे लहान, झपाझप पुढे सरकणारे वाक्य अजून काम करते. त्या वाक्याची बरोबरी आजच्या जाडजूड, मधल्या शंभर पानांत पाणी घातलेल्या अनेक कादंबऱ्यांना साधत नाही, अशी तक्रार जुने वाचक करतात, आणि ती निव्वळ स्मरणरंजन म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही.