तलंग दाणा टिपेना? आधी वेगळी करा, मग कारण शोधा

मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीतरी जणींनी गटाच्या कर्जातून, नाहीतर घरच्याच चार अंड्यांवर कोंबडी बसवून कोंबड्यांचा व्यवसाय सुरू केलाय. गावरान तलंग अंड्यावर यायला साधारण साडेपाच-सहा महिने लागतात. तेवढे दिवस तिला दाणा घालायचा, मांजर-मुंगसापासून राखायचं. आणि आता चार पैसे सुटणार म्हणावं, तर एका सकाळी ती कोपऱ्यात पिसं फुगवून बसलेली दिसते. दाणे टाकले की बाकीच्या धावतात, ही जागची हलत नाही.

अशा वेळी घरात तीन सल्ले लगेच मिळतात. "डोकेदुखीची गोळी कुटून पाज." "उद्या बाजार आहे, विकून टाक." "मरायच्या आत कापून घे." यातला एकही सल्ला ऐकू नका. का, ते पुढे येईलच. आधी काय करायचं ते बघू.

खाणं सोडणं ही खूण आहे

खाणं सोडणं हा काही रोग नव्हे. लेकराला ताप आला की आपण समजतो, आत काहीतरी बिघडलंय. हेही तसंच. कारण जंताचं असेल, मानमोडीचं असेल, नाहीतर नुसतं अडकलेल्या अंड्याचं.

आणखी एक लक्षात ठेवा. कोंबडी आपलं दुखणं लपवते. कळपात दुबळी दिसली की बाकीच्या तिला टोचतात, म्हणून होईल तेवढं ती उभी राहते. ती गप्प बसलेली आपल्या नजरेस पडते, तोवर दुखण्याला बहुतेक एक-दोन दिवस झालेले असतात. म्हणून "उद्या बघू" नको.

पहिलं काम: वेगळी करा

तिला उचला आणि इतर कोंबड्यांपासून लांब, वारा लागणार नाही अशा कोरड्या जागी ठेवा. मोठं डालगं किंवा खोकं चालेल. खाली तूस नाहीतर कोरडा भुसा घाला. पावसाळा-हिवाळा असेल तर रात्री वरून गोणपाट टाका, पण हवा जायला जागा ठेवा. उन्हाळा असेल तर सावली आणि गारवा हवा.

तिचं दाण्या-पाण्याचं भांडं वेगळं ठेवा. आधी चांगल्या कोंबड्यांचं सगळं उरका, मग शेवटी आजारीकडे जा. नंतर साबणाने हात धुवा, चप्पलही धुवा. रोग हाताला, चपलेला आणि भांड्याला चिकटून खुराड्यात जातो.

दुसरं काम: पाणी

दाण्यावाचून कोंबडी एखादा दिवस काढते, पाण्यावाचून लवकर खचते. एक लिटर स्वच्छ पाण्यात एक-दोन चमचे गूळ आणि चिमूटभर मीठ विरघळवा. हे एकच दिवस द्या, नंतर साधं पाणी. मीठ जास्त झालं तर कोंबडीला ते बाधतं.

चोच हळूच पाण्यात बुडवा. पीत नसेल तर चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडा, ती गिळेल. तोंड उघडून घशात पाणी ओतू नका. कोंबडीच्या जिभेच्या मागेच श्वासनलिकेचं तोंड असतं. ओतलेलं पाणी फुप्फुसात गेलं, तर रोगाने नाही, आपल्या उपचाराने ती जाईल.

तिसरं काम: पाच जागा तपासा

एक, गळ्याखालची दाण्याची पिशवी. ही सकाळी दाणा घालायच्या आधी चाचपा. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. सकाळीही दगडासारखी कडक लागली, तर गवत, सुतळी नाहीतर प्लास्टिक अडकलेलं असू शकतं. दाणा बंद ठेवा, थोडं पाणी आणि गोड्या तेलाचे चार-पाच थेंब द्या, आणि पिशवी बोटांनी हलकेच चोळा. पिशवी पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत असेल आणि तोंडाला आंबूस वास येत असेल, तर आत अन्न आंबलंय. अशा कोंबडीला उलटी धरून पिशवी पिळू नका, ती गुदमरते. एका दिवसात फरक नाही पडला तर डॉक्टरांना दाखवा.

दोन, शीट. डालग्यात खाली जुना कागद अंथरा, म्हणजे शीट नीट दिसते. चांगली शीट गडद रंगाची आणि वर पांढरा ठिपका असलेली असते. मधूनच एखादी तपकिरी, चिकट येते, तीही बरोबर आहे. शिटेत रक्त दिसलं तर रक्ती हगवण समजा. ही पावसाळ्यात, ओल्या भुशावर आणि वाढत्या पिल्लांत जास्त होते. तिच्यावर औषध आहे, ते पाण्यातून देतात, पण प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्या. नुसती हिरवट शीट असेल तर घाबरून जाऊ नका. पोट रिकामं असलं तरी ती हिरवी होते. मात्र हिरवट-पांढरी हगवण आणि त्याबरोबर खालची लक्षणं असली, तर गोष्ट गंभीर आहे.

तीन, तोंड, मान आणि श्वास. चोच उघडी ठेवून धापा टाकते का? मान वाकडी होते, पाय-पंख लुळे पडतात का? ही मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लक्षणं आहेत. हा विषाणूचा रोग आहे. झाल्यावर त्याला औषध नाही, आधी लस हाच उपाय. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या दिसल्या तर त्या देवी. देवीचे फोड तोंडातही येतात, मग भूक असूनही कोंबडीला गिळता येत नाही. खपल्या ओढून काढू नका. मऊ खाणं द्या आणि डॉक्टरांना दाखवा.

चार, शेपटीखाली. पहिल्या अंड्यावर आलेली तलंग शेपूट पाडून, उभ्या अंगाने कुंथत असेल तर अंडं अडकलंय. घमेल्यात कोमट पाणी घ्या, आपल्या हाताला सोसेल इतपतच. त्यात तिचं मागचं अंग पंधरा-वीस मिनिटं बुडवून धरा. मग कोरडं करा, बाहेरून थोडं गोडं तेल लावा आणि अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. दाबून अंडं काढायला जाऊ नका, आत फुटलं तर कोंबडी जाते. त्याच दिवशी अंडं नाही आलं तर दवाखाना गाठा. पुढे असं होऊ नये म्हणून अंड्यावर आलेल्या कोंबड्यांना शिंपल्याचा चुरा रोज मिळू द्या.

पाच, पंखाखाली. पंख उचला, पिसं फुंकरून पाहा. पिसांच्या बुडाशी उवा-लिखा दिसतील. काही कीड दिवसा खुराड्याच्या फटीत लपते आणि रात्री रक्त पिते, म्हणून रात्री बॅटरी घेऊन खुराडं बघा. तुरा फिका पडला असेल तर कीड नाहीतर जंत असू शकतात. कोंबड्यांना लोळायला कोरडी माती आणि चुलीची गार राख ठेवा, खुराड्याच्या फटी साफ करा. पण पिकावर मारायचं औषध कोंबडीच्या अंगाला किंवा खुराड्यात कधीच लावू नका. त्याने कीड मरेल, पण कोंबडीही मरेल.

आजारी आहे की खुडूक?

पहिली अंडी घालून झालेली तलंग घरट्यात बसून राहते, दिवसातून एकदाच उठून खाते, हात लावला की अंग फुगवून टोचायला येते. डोळे मात्र तरतरीत असतात. ती खुडूक झालीय, आजारी नाही. तिला औषध नको.

आणि अंग गरम लागलं म्हणून ताप आहे असंही समजू नका. कोंबडीचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, ४१ अंशांच्या आसपास असतं.

खायला काय द्यावं?

दाण्याची पिशवी रिकामी होत असेल तरच खायला द्या. मऊ भात, भिजवलेली कणी, ज्वारीच्या शिजवलेल्या कण्या, उकडलेलं अंडं कुस्करून. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. उरलेलं आंबायच्या आत उचला. कोंबून भरवू नका.

हळद-लसूण देणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. थोडं दिल्याने बिघडत नाही, पण त्याने मानमोडी बरी होत नाही. त्या भरवशावर दोन दिवस घालवू नका. माणसांच्या गोळ्या तर नकोतच. कोंबडीचं वजन दीड-दोन किलो, आपल्या गोळीचं प्रमाण तिला कसं लागू पडेल? डॉक्टरांनी औषध दिलं, तर किती दिवस अंडी खायची-विकायची नाहीत तेही विचारून घ्या.

विकू नका, कापू नका

आता त्या तीन सल्ल्यांतले उरलेले दोन. आजारी कोंबडी बाजारात नेली तर आपले पैसे सुटतात खरे. पण ती विकत घेणारीसुद्धा आपल्यासारखीच कुणीतरी ताई असते. तिच्या खुराड्यात रोग जातो, तिथून तिच्या शेजारणीकडे, आणि फिरून तो आपल्याच वस्तीत येतो. कापली तर रक्त-पिसं अंगणात सांडतात, कुत्री ती ओढून नेतात, आणि रोग माणसाला लागणारा असेल तर कापणाऱ्या बाईलाच पहिला धोका.

ही नुसती भीती घालत नाही. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या दगावल्या, आणि तपासणीत बर्ड फ्लूच निघाला.

म्हणून पुढचं काही दिसलं तर लगेच पशुसखीला सांगा, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, नाहीतर १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा:

- एक-दोन दिवसांत दुसरी, तिसरी कोंबडीही गप्प बसली
- कोंबड्या अचानक मरायला लागल्या
- तुरा, तोंड सुजून काळं-निळं पडलं
- मान वाकडी, श्वासाला धाप, किंवा शिटेत रक्त

एकाच वेळी बऱ्याच मेल्या असतील तर त्यांना हात लावू नका, डॉक्टर येईपर्यंत मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा. एखादीच मेली आणि डॉक्टरांना तपासणीसाठी नको असेल, तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून, दोन-तीन फूट खड्ड्यात चुना टाकून पुरा. ओढ्यात नाहीतर उकिरड्यावर फेकलेली कोंबडी सगळ्या गावाला रोग वाटत फिरते. आणि आपली कोंबडी मेली हे शेजारणीला सांगा. लपवण्यासारखं त्यात काही नाही. तिला कळलं तर ती आपल्या कोंबड्या कोंडून वाचवेल.

लस एकटीला परवडत नाही, गटाला परवडते

मानमोडीत तलंग गमवायची नसेल तर लस वेळेवर हवी. पहिल्या आठवड्यात, ५ ते ७ दिवसांच्या पिल्लाला लासोटा. १४ दिवसांच्या सुमारास गंबोरो. सहा आठवड्यांच्या सुमारास देवीची लस. आणि आठ आठवड्यांच्या सुमारास मानमोडीची दुसरी लस, आर-टू-बी. ही शेवटचीच नेमकी राहून जाते. लहानपणी एकदा लस दिली म्हणजे झालं, असं आपण समजतो, पण पिल्लाच्या लसीचा जोर तलंग होईपर्यंत टिकत नाही. मोठी पिल्लं विकत घेताना कोणत्या लसी झाल्या ते विचारा, आणि बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवूनच कळपात सोडा.

अडचण अशी की लशीची बाटली शंभर-दोनशे कोंबड्यांची येते. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोण एवढं करणार? पण दहा जणींच्या मिळून शंभर होतात.

तेव्हा येत्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. कुणाकडे किती पिल्लं, किती दिवसांची, याची यादी करा. लशीचा वार ठरवा, खर्च कोंबडीमागे वाटून घ्या, पशुसखीला आधीच कळवा. लस फक्त निरोगी कोंबडीलाच द्यायची, एवढं ध्यानात असू द्या. आणि आज संध्याकाळी कोंबड्या कोंडताना प्रत्येकीकडे एकदा नीट बघा: कोण धावत आली, आणि कोण मागे राहिली.