खानेसुमारीपासून फेरफारापर्यंत : पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील कुलशोध

आपल्या घराण्याचा मागोवा घेऊ इच्छिणाऱ्या इंग्लंडमधील माणसाचा शोध बहुधा जनगणनेच्या मूळ तक्त्यांपासून सुरू होतो, कारण तेथे १८४१ पासूनचे घरोघरचे बहुतेक तक्ते जपून ठेवलेले आहेत आणि शंभर वर्षे उलटल्यावर ते सर्वांना पाहण्यासाठी खुले केले जातात. १८५१ पासूनच्या तक्त्यांत कुटुंबप्रमुखाचे नाव, त्याच्याशी घरातील प्रत्येकाचे नाते, वय, व्यवसाय आणि जन्मगाव एवढी माहिती एकाच पानावर मिळत असल्याने दर दहा वर्षांचे एक पान हाती आले की तीन-चार पिढ्यांची साखळी जुळते. १९२१ ची पाने जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. अमेरिकेत हीच मुदत ७२ वर्षांची असून तेथील १९५० चे तक्ते एप्रिल २०२२ मध्ये उपलब्ध झाले. या तक्त्यांवरून नावांच्या वर्णानुक्रमी याद्या, म्हणजे सूची, तयार केलेल्या असतात आणि शोध घेणारा प्रथम सूची पाहतो व मग मूळ पानाकडे वळतो.

भारतात हा मार्ग बंद आहे, आणि तो का बंद आहे हे समजून घेतल्याशिवाय येथील कुलशोधाची दिशा ठरत नाही. ब्रिटिश अमलात पहिली देशव्यापी मोजणी १८७२ च्या सुमारास, वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या वेळी झाली आणि १७ फेब्रुवारी १८८१ रोजी एकाच वेळी घेतलेली पहिली जनगणना पार पडली. त्या काळी मराठीत तिला खानेसुमारी म्हणत. प्रगणकांनी घरोघर जाऊन माणसांच्या नोंदी केल्या हे खरे. परंतु या नोंदींचा हेतू आकडे मिळवणे एवढाच होता. आकडे काढून झाले की मूळ कागद जपण्याचे कारण उरत नसे आणि ते नष्ट केले जात. स्वातंत्र्यानंतर आलेल्या १९४८ च्या जनगणना अधिनियमाच्या कलम १५ नुसार तर प्रगणकाने केलेली नोंद पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही आणि दिवाणी दाव्यात ती पुरावा म्हणून दाखल करता येत नाही. लोकांनी निर्भयपणे खरी माहिती सांगावी यासाठी ही गुप्तता आवश्यक आहे, मात्र तिच्यामुळे पणजोबांचे नाव जनगणनेच्या कागदांत शोधण्याची वाट राहत नाही.

या नियमाला एक मोठा अपवाद घडला. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी प्रगणकांच्या नोंदींवरून राष्ट्रीय नागरिक नोंदवही तयार करण्यात आली होती आणि आसामात पुढे तीच नोंदवही, २४ मार्च १९७१ च्या मध्यरात्रीपर्यंतच्या मतदारयाद्यांसह, लोकांना आपले पूर्वज सिद्ध करण्यासाठी वापरावी लागली. त्यासाठी तिची संगणकीय सूची तयार झाली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम यादीपर्यंत लाखो कुटुंबांनी आपल्या आजोबांचे नाव त्या सूचीत शोधले. जुन्या यादीतील एका नावावर किती काही अवलंबून असू शकते, हे त्या प्रक्रियेने दाखवून दिले.

महाराष्ट्रात जनगणनेचा उपयोग निराळ्या प्रकारे करावा लागतो. नावे नष्ट झाली असली तरी छापील खंड शिल्लक आहेत आणि गावाचे चित्र उभे करण्यासाठी त्यांच्याइतके भरवशाचे साधन दुसरे नाही. १८८५ मध्ये निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या अठराव्या खंडाचे तिन्ही भाग पुणे जिल्ह्याविषयी असून त्यांत १८७२ व १८८१ च्या मोजणीचे आकडे, जातवार वस्ती, पिके, बाजार व रस्ते यांची माहिती एकत्र मिळते. १९५१ पासून प्रत्येक जिल्ह्याची जनगणना पुस्तिका छापली जाऊ लागली. तिच्यात गावनिहाय क्षेत्रफळ, घरांची संख्या, स्त्री-पुरुषांची संख्या, साक्षरता आणि कामाचे स्वरूप दिलेले असते. चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही हवेली तालुक्यातील गावे आणि चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी ही खेड तालुक्यातील गावे त्यांत स्वतंत्र ओळींनी येतात. एखाद्या घराण्यात १९१८ च्या सुमारास एकामागून एक मृत्यू झाल्याचे सांगितले जात असेल, तर १९११ ते १९२१ या एकाच दशकात भारताची लोकसंख्या घटली आणि त्यामागे प्रामुख्याने इन्फ्लुएन्झाची साथ होती, हे ठाऊक असल्यास त्या घरगुती आठवणीला आधार मिळतो. त्याचप्रमाणे १८७६-७७ चा दुष्काळ आणि १८९६ नंतरची प्लेगची साथ यांच्या खुणा दख्खनच्या आकड्यांवर उमटलेल्या आहेत आणि गाव सोडून गेलेल्या कुटुंबांचा मागही पुष्कळदा तेथपर्यंत जातो.

या पट्ट्यात आकड्यांना आणखी एक अर्थ आहे. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली, १९६० च्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी घेतल्या, ४ मार्च १९७० रोजी नगरपालिका व ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाखांच्या पुढे गेली. त्याच जनगणनेत चाकणची वस्ती ४१ हजारांच्या आसपास होती. गावाचे प्रभाग झाले, शिवाराचे प्लॉट झाले आणि ज्या शेताच्या बांधावरून भाऊबंदकीची आठवण टिकत असे तो बांधच उरला नाही. म्हणून येथे पूर्वजांचा शोध कागदांतच घ्यावा लागतो, आणि त्यांतले बरेच कागद तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात आहेत.

त्यांपैकी पहिला कागद म्हणजे कोतवाल बुक, महसुली भाषेत गाव नमुना नंबर १४. गावचा कोतवाल जन्म व मृत्यूच्या नोंदी या वहीत करून ठेवी. मृत्यूच्या नोंदीत तारीख, नाव, वय, जात आणि मृत्यूचे कारण येते. जन्माच्या नोंदीत बापाचे नाव व मुलगा की मुलगी एवढेच असते, कारण बारसे होण्यापूर्वीच नोंद झालेली असे. त्यामुळे मुलाच्या नावाने शोध घेणाऱ्याच्या हाती बहुधा काही लागत नाही. बापाचे नाव, गाव आणि अंदाजे पाच वर्षांचा टप्पा मनाशी धरून पाने चाळावी लागतात. जुनी पाने पुष्कळदा मोडीत आहेत. दुसरा कागद शाळेचे जनरल रजिस्टर. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांत ते टिकून आहे आणि त्यात नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख मिळते. तेथील जन्मतारीख मात्र जपून वापरावी. १ जून ही तारीख एका पानावर अनेकदा दिसली, तर ती गुरुजींनी अंदाजाने घातलेली आहे असे समजावे आणि कोतवाल बुकाशी ताडून पाहावी.

सर्वांत समृद्ध साधन जमिनीच्या कागदांचे आहे. दख्खनमधील जमीनमोजणीची नवी पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ मध्ये पुणे जिल्ह्यातील इंदापूरपासून सुरू केली आणि तिच्यातून सर्व्हे नंबर जन्माला आले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हक्कनोंदीचा कायदा आल्यावर जमिनीच्या मालकीतील प्रत्येक बदल फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना नंबर ६ मध्ये, क्रमांकाने लिहिला जाऊ लागला. खातेदार वारला की वारसनोंद होते. तिच्यात मृत्यूची तारीख, विधवा, मुलगे, मुली, त्यांची वये आणि नाती तलाठ्याच्या हातची मिळतात. सातबारावर खातेदाराच्या नावाच्या बाजूला वर्तुळात लिहिलेले आकडे हे त्या फेरफारांचेच क्रमांक असतात, म्हणून आजच्या उताऱ्यावरून एकेक क्रमांक मागे मागे धरत गेल्यास आजोबांच्या वाटणीपासून खापरपणजोबांच्या नावापर्यंत पोचता येते. अडचण एका ठिकाणी येते: १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर गावोगावी योजना राबवली गेली आणि जुन्या सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. दोन्हींचा मेळ घालणारे एकत्रीकरणाचे पत्रक भूमी अभिलेख कार्यालयात मागावे लागते. ते हाती नसताना केलेला शोध शेजारच्याच घराण्यात जाऊन पोचण्याचा धोका असतो. ज्यांच्या जमिनी चाकण किंवा भोसरीच्या औद्योगिक क्षेत्रात गेल्या, त्यांच्यासाठी भूसंपादनाचा निवाडा हाही कुलशोधाचा कागद आहे, कारण मोबदला ठरवताना प्रत्येक हिस्सेदाराचे नाव व हिस्सा त्यात लिहावा लागतो. जमीन गेली, तरी ती कोणाकोणाची होती याची यादी मागे राहिली.

या कागदांत स्त्रिया फार थोड्या दिसतात आणि दिसतात त्याही कोणाची तरी पत्नी किंवा विधवा म्हणून. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशभरातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, अमक्याची मुलगी अशीच नोंद केली होती. त्या बहुतेक उत्तर भारतातील राज्यांतल्या असल्या तरी वृत्ती सर्वत्र सारखीच होती. सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावे आढळतात. हा रकाना बहुतेक शोधकर्ते सोडून देतात आणि घराण्याची निम्मी शाखा तेथेच हरवते. वंशावळीत पणजीचे माहेर, तिचे माहेरचे नाव आणि गाव लिहिणे हे शोधकर्त्याचे कर्तव्य मानले पाहिजे.

अव्वल इंग्रजीच्या मागे जायचे असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तराकडे वळावे लागते. तेथे हजारो रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत, मोडी कागद ठेवलेले आहेत. वतन, इनाम, पाटिलकी किंवा देशमुखी असलेल्या घराण्यांचे कागद त्यांत सापडण्याची शक्यता अधिक. कुळांची व मजुरांची नावे त्यांत क्वचितच येतात आणि हे उणेपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. चिंचवडच्या देव घराण्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मोरया गोसावींच्या वंशातील या घराण्याला मिळालेल्या इनामांचे कागद इतके विपुल आहेत की त्यांच्या आधारे लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने एक संपूर्ण ग्रंथ लिहिला आणि तो १९८९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने प्रसिद्ध केला. चिंतामणी, नारायण अशी नावे या वंशात पिढ्यान्‌पिढ्या फिरून येतात, आणि हीच अडचण साध्या शेतकरी घराण्यांतही असते, कारण नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत सर्वत्र आहे. नावापुढील वर्ष पाहिल्याखेरीज व्यक्ती ओळखता येत नाही. ते वर्षही इसवी सनात असेलच असे नाही: शकात ७८, दख्खनी फसलीत ५९० आणि शुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, मात्र वर्षारंभ वेगळा असल्याने काही महिन्यांपुरते एक वर्ष अधिक धरावे लागते.

या पट्ट्यातील बहुसंख्य रहिवासी मात्र बाहेरून आलेले आहेत आणि त्यांच्या कुलशोधाची वाट मूळ गावाकडे जाते. फाळणीनंतर पिंपरीच्या छावणीत वसलेल्या सिंधी कुटुंबांचे जमीनजुमल्याचे कागद सिंधमध्ये राहिले, पण मागे सोडलेल्या मालमत्तेबद्दल त्यांनी भारतात दाखल केलेल्या दाव्यांत गाव, घर व मालकाचे नाव लिहिलेले असते. मराठवाड्यातून आलेल्या कामगारांसाठी खासरा पाहणी पत्रक उपयोगी पडते. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्या तर सर्वांनाच खुल्या आहेत: नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथे यात्रेला गेलेल्या पूर्वजाने स्वतः सांगितलेली नावे तेथे गावानुसार व आडनावानुसार लावलेली असतात, आणि देशातील अशा अनेक वह्यांच्या प्रतिमा फॅमिलीसर्च या संस्थेने संग्रहित केल्या आहेत.

अलीकडच्या काळात अशा कागदांचा सर्वांत मोठा शोध मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधण्याच्या निमित्ताने झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमल्यानंतर महसूल, शाळा, जन्म-मृत्यू आणि कारागृह यांची दफ्तरे तपासण्यात आली, मोडी वाचणारे ठिकठिकाणी बसले आणि सापडलेल्या लाखो नोंदींच्या गावनिहाय याद्या प्रसिद्ध झाल्या. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, महाराष्ट्रातील सामान्य घरांच्या नावांची एवढी मोठी सूची यापूर्वी बनलेली नव्हती आणि तिचा कुलशोधासाठी उपयोग करून घेतला पाहिजे. तथापि सूची ही केवळ मूळ नोंदीकडे नेणारी खूण आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि शब्द सलग लिहिलेले असतात, त्यामुळे आडनावाचे वाचन चुकू शकते. पुष्कळ जुन्या नोंदींत आडनावच नसून ‘अमुक बिन तमुक’ एवढेच असते. म्हणून यादीत नाव मिळाले की मूळ पानाची नक्कल मागावी आणि यादीत नाव न मिळाल्यास नोंद नाही असा निष्कर्ष काढू नये. महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर स्कॅन केलेले जुने फेरफार व उतारे पाहता येतात, त्यामुळे पहिला फेरा घरबसल्या होऊ शकतो.

पुढील जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होणार असून १९३१ नंतर प्रथमच तिच्यात सर्व जातींची गणना होईल आणि कुटुंबाला स्वतःची माहिती संगणकावर भरण्याची सोय असेल. ती माहितीही कायद्याने गुप्तच राहील आणि पणतवंडांच्या हाती लागणार नाही. म्हणून प्रगणक दारी येईल त्या दिवशी प्रत्येक कुटुंबाने स्वतःचा एक कागद वेगळा लिहावा: घरातील प्रत्येकाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आईचे माहेर, मूळ गाव आणि तेथील जुना सर्व्हे नंबर. त्याखाली माहिती सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांचे नाव व तारीख घालावी, आणि त्याची एक प्रत गावी राहणाऱ्या भाऊबंदांकडेही द्यावी.