१ जानेवारी : सनद आणि मुक्ति

१ जानेवारी म्हटली कीं आपल्या घरांत नवें कॅलेंडर भिंतीवर येतें. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत मात्र गुलामांच्या झोपड्यांवर या तारखेची दहशत असे. त्या दिवशीं मालक आपले गुलाम वर्षाच्या बोलीनें दुसऱ्यास भाड्यानें देत. कोणाची आई कोणत्या मळ्यावर जाणार, याचा निकाल त्या सकाळीं लागे. आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या मुक्तीचे तीन मोठे टप्पेही नेमके याच तारखेस पडले आहेत. मुक्ति कागदावर येणें आणि घरांत येणें यांत केवढें अंतर असतें, हें त्यांवरून कळतें.

पहिला टप्पा १८०४ चा. कॅरिबियन समुद्रांतील सें-दोमँग ही फ्रेंचांची वसाहत साखर आणि कॉफी यांवर गबर झाली होती. तेथें सुमारें ५ लाख गुलाम राबत होते. १७९१ च्या ऑगस्टांत त्यांनीं बंड पुकारलें. त्यांचा थोर सेनानी तूसँ लूव्हर्त्यूर १८०३ सालीं फ्रान्सच्या तुरुंगांत मरण पावला. तरी त्याच वर्षीं देसालीन यानें नेपोलियनच्या फौजेचा पराभव केला, आणि १ जानेवारी १८०४ रोजीं हायतीचें स्वातंत्र्य जाहीर झालें. तेथें आजही या दिवशीं घरोघर भोपळ्याचें सूप शिजतें. गुलामगिरींत तें मालकांच्याच ताटांत पडे, असें लोक सांगतात. परंतु १८२५ सालीं फ्रान्सनें लढाऊ जहाजें पाठवून जुन्या मालकांसाठीं १५ कोटि फ्रँक भरपाई मागितली. पुढें रक्कम कमी झाली. पण तिच्यापायीं काढलेल्या कर्जाचें ओझें विसाव्या शतकापर्यंत उतरलें नाहीं. ज्यांना गुलाम केलें, त्यांनींच मालकांस भरपाई द्यावी, असा हा न्याय!

दुसरा टप्पा १८०८ चा. परदेशांतून गुलाम आणण्यास बंदी करणारा अमेरिकेचा कायदा या दिवशीं अमलांत आला. बाहेरचा बाजार बंद झाला. आंतला तसाच चालू राहिला. गुलाम स्त्रीचें मूल जन्मतःच मालकाचें, आणि तें विकण्यास त्याला मोकळीक. १८१० सालीं सुमारें १२ लाख असलेली गुलामांची संख्या १८६० च्या खानेसुमारींत ४० लाखांच्या घरांत गेली.

तिसरा टप्पा १८६३ चा. यादवी युद्ध चालू असतां अध्यक्ष लिंकन यांनीं मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली. नववर्षाच्या स्वागतसमारंभांत तासन्‌तास हस्तांदोलन करून त्यांचा हात थरथरत होता. सही कांपरी दिसली तर आपण कचरलों असें लोक म्हणतील, म्हणून त्यांनीं ती सावकाश केली. तथापि जाहीरनामा बंडखोर प्रदेशापुरताच होता; संघराज्याशीं एकनिष्ठ राहिलेल्या संस्थानांतील गुलाम गुलामच राहिले. त्याला अर्थ आला तो सैन्याच्या पावलांबरोबर, आणि त्या सैन्यांत सुमारें १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय शिपाई होते. टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथें मुक्तीची आज्ञा वाचली गेली ती १९ जून १८६५ रोजीं. आणि देशभर गुलामगिरी बंद करणारी घटनादुरुस्ती त्याच वर्षीं डिसेंबरांत मंजूर झाली.

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठीं झटणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें, आणि आपल्या देशबांधवांनीं शूद्र बंधूंच्या मुक्तीसाठीं त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा प्रकट केली. कित्ता एकदां गिरवून अक्षराला वळण लागत नाहीं. १ जानेवारीचा इतिहास याहून निराळें कांहीं सांगत नाहीं.