भेंडीच्या ठशापासून औषधाच्या बाटलीपर्यंत

सावर्डे (ता. चिपळूण) हे गाव बाहेरच्या माणसाला मुंबई-गोवा महामार्गावरची बाजारपेठ आणि कोकण रेल्वेचे स्टेशन म्हणून माहीत असते. आपल्या भागात ते ओळखले जाते कै. गोविंदराव निकम यांनी उभ्या केलेल्या सह्याद्री शिक्षण संस्थेमुळे. या संस्थेचे कला महाविद्यालयही इथेच आहे. आता चित्रकलेचा आणि शेतीचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो थेट जिवाशी आहे.

सावर्ड्यात कला शिकणारी, जवळच्याच वाडीतल्या शेतकरी घरातली एक मुलगी आहे. ग्राफिक डिझाईनचा इतिहास आणि मुद्राचित्रण, म्हणजे लाकूड, लिनोलियम, दगड यांवरून ठसे घेण्याची कला, हे तिचे आवडीचे विषय. ती म्हणते, "सर, पुस्तकात जर्मनी आहे, जपान आहे. पण आमच्या घरात छापलेलं असं काय होतं, ते बघायला गेले तर दोनच वस्तू सापडल्या. खिळ्याला टांगलेलं पंचांग आणि गोठ्यातल्या फळीवरची औषधाची बाटली." तिच्या या बोलण्यात बराच अर्थ आहे.

सरी, वरंबा आणि सपाट वाफा

शाळेत भेंडीचे ठसे कोणी काढले नाहीत? भेंडी आडवी कापायची, रंगात बुडवायची, कागदावर दाबायची. भेंडीच्या भिंती वर असतात, त्यांना रंग लागतो. बियांच्या खणात पोकळी, तिथे कागद कोरा राहतो. लाकडी ठसा म्हणजे नेमके हेच.

छपाईच्या जुन्या तीन तऱ्हा शेतकऱ्याला समजायला अगदी सोप्या आहेत. लाकडी ठशात वरंब्याला शाई लागते, सरी कोरी राहते. तांब्याच्या पत्र्यावर उलटे. तिथे कोरलेल्या सरीत शाई भरायची, वरचा भाग पुसून घ्यायचा आणि ओलसर कागद जोराने दाबून सरीतली शाई वर ओढायची. तिसरी तऱ्हा शिळाछापाची. तिथे सरीही नाही आणि वरंबाही नाही, सगळा सपाट वाफा. दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे आणि दगड ओला करायचा. तेलकट रेघेवर पाणी ठरत नाही, ओल्या जागेवर तेलकट शाई ठरत नाही. म्हणजे शाई फक्त चित्रालाच लागते. जर्मनीतल्या आलॉइस झेनेफेल्डर याने ही युक्ती 1796 च्या सुमारास शोधली.

पंचांगाचा ठसा

आपल्याकडचा इतिहासही काही लहान नाही. भारतातला पहिला छापखाना 1556 मध्ये गोव्यात आला. तांब्याच्या पत्र्यावर कोरून भगवद्गीता छापण्याचे काम मिरजेत 1805 साली झाले. मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी लाकडी यंत्र घडवले, शाई स्वतः तयार केली आणि 1831 साली शिळाछापावर मराठी पंचांग काढले. तोवर पंचांग हाताने उतरवून घ्यावे लागे. मृग कधी लागतो, आर्द्रा कधी, हे छापून घरोघरी जाऊ लागले ते तेव्हापासून. गंमत अशी की होकुसाई या जपानी चित्रकाराचे लाटेचे जगप्रसिद्ध चित्र लाकडी ठशांवरून छापले गेले तेही त्याच सुमारास.

पुढे 1878 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात चित्रशाळा काढली, 1894 मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि सगळे दगड एकाच जागी बसले पाहिजेत. केसभर सरकले तर देवीचे कुंकू भुवईवर जायचे! या छपाईने देव भिंतीवर आले, तसे कापडाच्या ताग्यावर, आगपेटीवर, विडीच्या बंडलावर चित्र आले. वाचता न येणारा माणूस चित्र बघून माल मागू लागला. म्हणून तर आपण आजही 'अमुक छाप' म्हणतो. छापणे ही क्रिया, तिचेच मालाला नाव पडले. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपेटीवर निशाणीचे चित्र आले तेही याच कारणाने.

या मुलीचे म्हणणे असे की, ज्याला वाचता येत नाही त्याला फसवू नये ही चित्राची पहिली जबाबदारी. आणि इथेच ती गोठ्यातल्या बाटलीकडे वळते.

हिरवा म्हणजे चांगला?

कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीवर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला रंग असतो. 1971 च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे थोडे विषारी. ही उतरंड विषाची आहे. बिनविषाची पायरी तिच्यात नाही.

मुलीने हे चार चौकोन मोठे काढले आणि आपल्या वाडीत बागेत फवारणीला, खुरपणीला जाणाऱ्या बायामाणसांना दाखवले. लाल चौकोनातली कवटी बघून एक आजी म्हणाल्या, "ह्यो तर लाईटच्या डीपीवरचा. हात लावलास तर मेलास." म्हणजे कवटीचे काम चोख झाले. पण हिरव्याला काय उत्तर आले? "ह्यो चांगला. झाडपाल्याचा आसल." दुसऱ्या काकी म्हणाल्या, "बिस्किटाच्या पुड्यावर आसतो ना हिरवा, त्यातलाच." बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका शाकाहाराचा. त्यांचा तर्क चुकीचा कसा म्हणायचा? एकाच रंगाला दोन ठिकाणी दोन अर्थ दिले, त्याला त्या काय करणार!

हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती. पण तेव्हापासून "लेबल वाचा" असे सांगितल्याशिवाय आमची एकही सभा होत नाही. वाचायचे कसे? बारीक अक्षर तरुणालाही दिसत नाही. चित्रच तेवढे वाचता येते, आणि त्याचाच अर्थ उलटा लागत असेल तर काय उपयोग!

कोरताना काय उरते

मुलीने लिनोलियमवर ठसा कोरला. ठसा उलटा कोरावा लागतो, आरशात दिसतो तसा. पहिल्या छापात 'विष' हा शब्दच उलटा आला, तेव्हा वर्गात हशा पिकला म्हणे. पण ठसा कोरण्यात एक शिस्त आहे. एकदा कापलेले परत चिकटवता येत नाही, आणि बारीकसारीक कलाकुसर छापात भरून जाते. म्हणून नको ते आधीच काढून टाकावे लागते. 1930 च्या दांडी यात्रेवर नंदलाल बोस यांनी केलेला गांधीजींचा लिनो ठसा आठवा. काळ्यावर पांढऱ्या रेघा, काठी आणि चालणारा माणूस. बस्स. तरी कोणीही ओळखावा.

तिच्या ठशातही शेवटी थोडेच उरले. चार पायऱ्या, प्रत्येक पायरीवर एक चौकोन आणि चारही चौकोनांपुढे हातमोजा घातलेला तोच पंजा. वर एकच ओळ: 'चारही विषच'. काळा छाप घ्यायचा आणि चार रंग हाताने भरायचे. त्याच आजींना दाखवल्यावर त्या हिरव्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "म्हंजे ह्यालापण मोजे?" एवढा प्रश्न पडला म्हणजे छाप लागू पडला.

शेतकरी बंधू-भगिनींनो, औषध घेताना दुकानदाराला चौकोनाचा रंग दाखवायला सांगा. हिरवा असला तरी हातमोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याकडे पाठ आणि नंतर साबणाने आंघोळ, यांतले काही सोडू नका. उरलेले औषध पाण्याच्या किंवा दारूच्या बाटलीत कधीही ओतू नका. तसे केले की चित्र गेले आणि चित्राबरोबर ओळखही गेली. घरातले पोर काय, पाहुणा काय, कोणीही ती उचलू शकतो.

आणि ग्रामपंचायतींना एक सूचना. फलकावर लांबलचक मजकूर लावण्यापेक्षा गावातल्या, तालुक्यातल्या अशा मुलामुलींकडून ठसे करून घ्या. खर्च कागदाचा आणि शाईचा. लावायच्या आधी मात्र तो वाचता न येणाऱ्या चार जणांना दाखवा आणि काय कळले ते विचारा. त्यांना कळला तरच तो भिंतीवर लावा.