पाळी, पालखी आणि भिंग : एक मागोवा

पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, मागोमाग टेल्को व बजाज यांचे भोंगे वाजू लागले, आणि दरमहाच्या शिलकेतून कॅमेऱ्याची तजवीज करणारा एक हौशी वर्ग या पंचक्रोशीत उदयास आला. त्याने केलेल्या भिंगांच्या निवडीचा आढावा घेता असे दिसते की, बाजारातील नवलाईपेक्षा पाळीने त्याच्या पदरी कोणता प्रकाश ठेवला, हाच त्या निवडीचा खरा निकष होता.

आगफा क्लिक थ्रीच्या जमान्यात निवडीचा प्रश्नच नव्हता. भिंग जागच्या जागी पक्के, १२० च्या रोलवर १२ छायाचित्रे, आणि ऊन की ढग एवढाच विचार. त्यामुळे कार्ल्याची सहल भर दुपारीच टिपली जाई. पुढे एसएलआर आले, तेव्हा त्यांच्यासोबत बहुधा ५० मिलिमीटरचे, एफ १.८ किंवा २ क्षमतेचे भिंग येत असे. ४०० एएसएची फिल्म भरली की तेच भिंग सांजवेळीही उपयोगी पडे. परंतु झूमचा मोह प्रबळ झाला आणि हे गुणी भिंग अडगळीत गेले.

डिजिटल पर्वात १८-५५ झूम घरोघर पोहोचले, आणि त्याची मर्यादा आळंदीच्या पालखी-प्रस्थानाने उघडी केली. सायंकाळी देवळाच्या आवारात टाळकरी नाचत असता ५५ मिलिमीटरवर छिद्र ५.६ च्या पुढे उघडत नाही. शटर एक तीसांश सेकंदावर येते आणि टाळ धरलेले हात फराटे होऊन उमटतात. तेथेच एफ १.८ चे भिंग जवळजवळ दसपट प्रकाश आत घेते व शटर सेकंदाच्या तीनशेव्या भागापर्यंत नेता येते. मात्र त्याची किंमत अशी की वारकऱ्याचा डोळा रेखीव येतो आणि पुढे आलेला टाळ धूसर होतो. कंपनरोधक यंत्रणा छायाचित्रकाराचा हात सावरते, नाचणाऱ्याची पावले नव्हे.

२००७ साली आलेल्या निकॉन डी-३ ने ६४०० आयएसओ वापरण्याजोगे केले आणि भिंगावरचा भार काहीसा हलका झाला. त्याच सुमारास चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज यांचे कारखाने सुरू झाले. तेथील ऐपतदार अभियंत्याच्या पिशवीत २४-७० एफ २.८ आले. ते भिंग सर्वगुणसंपन्न खरे, पण सुमारे ९०० ग्रॅमचे. श्रावणात भीमाशंकरची पायवाट चढताना ते पिशवीबाहेर क्वचितच निघते, तर १६० ग्रॅमचे ५० मिलिमीटर भिंग दिवसभर गळ्यात सुखेनैव राहते.

सहा दशकांच्या या जमाखर्चाचा निवाडा असा : प्रवासासाठी हलके झूम असावेच, पण पुढचा पैसा लांब पल्ल्याच्या भिंगावर न घालता एफ १.८ च्या एका भिंगावर घालावा. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यास ३५ मिलिमीटर, मोठ्यास ५०. ज्याची पाळी दिवस मावळल्यावर सुटते, त्याने तर ते आधी घ्यावे.